रॉकेट गेल्यावर

१४ मे १९७३ च्या दुपारी फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावरून सॅटर्न-५ रॉकेटानं आपलं शेवटचं उड्डाण केलं. चंद्राकडे माणसं पाठवणाऱ्या या रॉकेटाच्या शेंड्यावर त्या दिवशी स्कायलॅब ही रिकामी प्रयोगशाळा बसवलेली होती. आपल्याकडच्या जुन्या पिढीला स्कायलॅब म्हटलं की जुलै १९७९ आठवतो. ती कुणाच्या डोक्यावर पडणार म्हणून तेव्हा गावोगावी घबराट होती. शेवटी ती पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात. या प्रकरणात मात्र आपल्याला तिच्या पडण्याशी कर्तव्य नाही. ती वर कशी गेली, ते बघायचं आहे.

उड्डाणाला काही मिनिटं होतात न होतात, तोच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेतली नोंद घसरू लागली. भूस्थिर उपग्रहाकडून येणारा रेडिओ संकेत वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळं किंचित फिरतो. तो किती फिरला यावरून वरच्या हवेत इलेक्ट्रॉन किती आहेत याचा हिशेब तिथं रोज मांडला जाई. त्या दुपारी हा आकडा बघता बघता निम्म्याहून खाली आला. सूर्यावर काही उत्पात नव्हता, चुंबकीय वादळही नव्हतं. बॉस्टन विद्यापीठाचे मायकेल मेंडिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा माग काढला आणि १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला : स्कायलॅबच्या रॉकेटानं आयनांबराला, म्हणजे वरच्या हवेतल्या या भारित थराला, भोक पाडलं होतं. भोकाची त्रिज्या हजार किलोमीटरच्या घरात होती आणि ते बुजायला जवळपास चार तास लागले.

भोक पाडणारा पदार्थ ना विषारी होता, ना स्फोटक. सॅटर्नचा दुसरा टप्पा द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चाले. त्यातून बाहेर पडे ती पाण्याची वाफ आणि न जळलेला थोडा हायड्रोजन. रॉकेटाच्या धुरांमध्ये याहून सोज्वळ धूर सापडायचा नाही.

मग झालं काय? तीनशे किलोमीटर उंचीवरची हवा आपल्या ओळखीची हवा नसते. जमिनीजवळच्या एका घन सेंटिमीटर हवेत सुमारे २५ या आकड्यापुढं अठरा शून्यं इतके रेणू असतात. तिथं तेवढ्याच जागेत जेमतेम शंभर कोटी कण उरतात, आणि त्यांतले बहुतेक ऑक्सिजनचे सुटे अणू. सूर्याचे अतिनील किरण या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. भर दुपारी एका घन सेंटिमीटरमध्ये असे दहा लाखांच्या आसपास मोकळे इलेक्ट्रॉन हिंडत असतात आणि तेवढेच धनभारित ऑक्सिजन अणू. हाच आयनांबराचा सगळ्यात दाट पट्टा. रात्री लघुलहरींवर दूरदेशीचं रेडिओ केंद्र लागतं ते याच्याच जिवावर, कारण त्या लहरी इथून परावर्तित होऊन खाली येतात.

विरुद्ध भारांचे हे कण समोरासमोर असताना पुन्हा एकत्र का येत नाहीत, असा प्रश्न इथं पडायला हवा. अडचण ऊर्जेची आहे. एकट्या अणूनं इलेक्ट्रॉन पकडला की उरलेली ऊर्जा टाकायला त्याच्याकडे जागा नसते. प्रकाशाच्या रूपात ती बाहेर टाकणं जमतं, पण क्वचित. रेणूचं तसं नाही. भारित रेणूनं इलेक्ट्रॉन पकडला की तो मधोमध तुटतो आणि दोन तुकडे ती ऊर्जा घेऊन दोन दिशांना सुटतात. म्हणून आयनांबरातला इलेक्ट्रॉन संपवायचा तर आधी अणूवरचा भार कुठल्या तरी रेणूवर जावा लागतो. निसर्गात हे काम नायट्रोजनचे रेणू करतात, पण अत्यंत मंद गतीनं. पाण्याचा किंवा हायड्रोजनचा रेणू तेच काम सुमारे हजारपट वेगानं करतो. ऑक्सिजनचा भार पाण्यावर येतो, पाण्याचा भारित रेणू इलेक्ट्रॉन गिळतो आणि फुटतो. एक पाणी गेलं, एक इलेक्ट्रॉन गेला.

आता थोडं गणित. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते. तिच्यात एक टन पाणी मावतं. एवढ्या पाण्यातल्या प्रत्येक रेणूनं एकेक इलेक्ट्रॉन संपवला, असं कागदापुरतं धरलं, तर सव्वातीन कोटी घन किलोमीटर जागेतले इलेक्ट्रॉन नाहीसे होतील. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरहून थोडं जास्त आहे. म्हणजे अख्ख्या राज्यावर शंभर किलोमीटर जाडीचा जो आयनांबराचा थर आहे, तो एका टाकीत आटोपला. प्रत्यक्षात वाफ सगळीकडे सारखी पसरत नाही आणि सूर्य नवे इलेक्ट्रॉन तयार करतच असतो, म्हणून एवढी कत्तल होत नाही. पण सॅटर्नच्या त्या टप्प्याची पाच इंजिनं मिळून सेकंदाला टनाहून जास्त इंधन आणि ऑक्सिजन फुंकत होती. चंद्राकडे जाणारी सॅटर्न रॉकेटं आधी सुमारे १८५ किलोमीटरवरच्या कक्षेत थांबत, दाट पट्ट्याच्या खालीच. स्कायलॅबला थेट सव्वाचारशे किलोमीटरच्या वर न्यायचं होतं, त्यामुळं इंजिनं त्या पट्ट्याच्या ऐन पोटात धडधडत राहिली.

अपघातानं कळलेली गोष्ट शास्त्रज्ञ मग मुद्दाम करून बघतात. सप्टेंबर १९७७ मध्ये हवाईजवळ ‘लागोपेडो’ नावाच्या प्रयोगांत रॉकेटांतून स्फोटकं वर नेऊन पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन आयनांबरात सोडले गेले, आणि ठरल्याप्रमाणं भोकं पडली. १९८५ मध्ये ‘चॅलेंजर’ या स्पेस शटलनं स्पेसलॅब-२ मोहिमेत याहून मजेदार उद्योग केला. विश्वातून येणाऱ्या फार कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी आयनांबर वरच्या वर परतवून लावतं, त्यामुळं जमिनीवरच्या दुर्बिणींना त्या दिसतच नाहीत. शटलनं टास्मानियातल्या होबार्टवरून जाताना आपली इंजिनं थोडा वेळ पेटवली. पडलेल्या भोकातून १.७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी खाली आल्या आणि तिथल्या रेडिओ दुर्बिणीनं त्या टिपल्या. खिडकी हवी होती, ती धुरानं उघडून दिली! नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी दुर्बीण याच्या कित्येक पट वरच्या वारंवारतेवर काम करते, तरी तिच्या शास्त्रज्ञांनाही आयनांबरानं वाकवलेल्या लहरी सरळ करत बसावं लागतं. होबार्टचा मोह का झाला असेल, हे त्यांना सांगावं लागणार नाही.

तसं पाहिलं तर भारताचं अवकाशयुगसुद्धा वरच्या हवेत रसायन सोडूनच सुरू झालं. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंबाहून उडालेल्या नाईकी-अपाची रॉकेटात सोडियम भरलेला होता. ही जागा निवडण्यात विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, आणि जागेचं मोल होतं ते चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणून. सोडियमच्या वाफेचा नारिंगी पट्टा मावळतीच्या उन्हात चमकला, वरच्या वाऱ्यांनी तो वाकडातिकडा ओढला, आणि त्याच्या छायाचित्रांवरून त्या उंचीवरच्या वाऱ्याचा वेग काढता आला.

आता प्रयोगाची गरजच उरलेली नाही. उड्डाणंच इतकी होतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी कॅलिफोर्नियातून फाल्कन-९ रॉकेटानं तैवानचा फॉर्मोसॅट-५ हा जेमतेम पावणेपाचशे किलोचा उपग्रह नेला. ओझं हलकं, म्हणून रॉकेट नेहमीसारखं आडवं न वळता जवळजवळ उभंच चढलं. परिणामी आयनांबरात प्रचंड वर्तुळाकार लहरी उठल्या आणि मागोमाग ९०० किलोमीटर रुंदीचं भोक पडलं. जीपीएसच्या अचूकतेत त्यामुळं मीटरभराची चूक येऊ शकते, असा अंदाज तैवानी संशोधकांनी मांडला. एक मीटर म्हणजे फार नाही. चुंबकीय वादळं याहून जास्त गोंधळ घालतात. आयनांबराच्या भोकांबद्दल माझं मत सौम्य आहे ते यासाठीच. सूर्य उगवतो, जखम भरते. अंधारात अशा भोकांतून कधी कधी लालसर उजेड दिसतो : तुटलेल्या रेणूंतला उत्तेजित ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो. तो सोडायला अणूला मिनिट-दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्यात दुसऱ्या कणाची धडक बसून ऊर्जा निघून जाते, म्हणून हा लाल रंग फक्त उंचावरच दिसतो. फाल्कनचा वरचा टप्पा काम संपवून परतण्यासाठी इंजिन पेटवतो, तेव्हा टेक्सासमधल्या मॅकडॉनल्ड वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत हे लाल डाग अलीकडे वारंवार उमटतात.

दोनशे किलोमीटर खाली उतरलं की तीच वाफ वेगळी वागते. स्पेस शटलची मुख्य इंजिनंही हायड्रोजनवर चालत. त्यांनी सोडलेल्या पाण्यातलं जवळपास निम्मं, म्हणजे तीनशे टनांहून अधिक, १०५ ते ११५ किलोमीटरच्या अरुंद पट्ट्यात पडे, कारण त्या उंचीवर शटल जवळजवळ आडवं धावत वेग घेत असे. या वाफेचं पुढं काय होतं, याचा शोध अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले मायकेल स्टीव्हन्स घेत होते. ऑगस्ट १९९७ मधल्या एका उड्डाणाची वाफ दिवसभराच्या आसपास आर्क्टिक प्रदेशात पोचलेली त्यांना आढळली. त्या उंचीवरचे वारे इतके वेगवान असतील असं तोवरच्या कोणत्याही प्रारूपात नव्हतं. रॉकेटाचा धूर इथं वाऱ्याची दिशा दाखवणारा झाला, थुंबाच्या सोडियमसारखाच, फक्त न ठरवता.

१६ जानेवारी २००३ रोजी निघालेल्या ‘कोलंबिया’ची वाफ उलट दिशेनं गेली. कल्पना चावला ज्या उड्डाणावर होत्या तेच हे. काही दिवसांत तो लोट अंटार्क्टिकावर पोचला. तिथल्या रोथेरा या ब्रिटिश तळावरच्या लेसर यंत्रानं सुमारे ११० किलोमीटरवर लोखंडाचे अणू टिपले. इंजिनांच्या झिजेतून ते आलेले असावेत, असा अर्थ लावला गेला. दक्षिण ध्रुवावर तेव्हा उन्हाळा होता, आणि विचित्र गोष्ट अशी की ८० ते ९० किलोमीटर उंचीवरचा मध्यांबराचा माथा ध्रुवीय उन्हाळ्यातच सगळ्यात थंड असतो, शून्याखाली १३० अंशांच्या आसपास. तिथं दहा लाख रेणूंमध्ये पाण्याचे रेणू मोजकेच. त्यात शेकडो टन वाफेची भर पडली की ती गोठते आणि सूर्य मावळल्यावरही निळसर चमकणारे बर्फाचे ढग बनतात. असे ढग पहिल्यांदा नोंदले गेले १८८५ मध्ये, क्राकाटोआच्या उद्रेकानंतर दोन वर्षांनी, तेव्हा ते निसर्गातही होतातच. पण २००३ च्या जानेवारीत अंटार्क्टिकावर दिसलेल्या ढगांचा बराच भाग फ्लोरिडाहून आला होता. नासानं २०१८ च्या जानेवारीत अलास्कावर हे पडताळूनही पाहिलं : ८५ किलोमीटरवर २२० किलो पाणी फोडलं आणि अठरा सेकंदांत ढग तयार झाला. पाण्यानं नुसती आर्द्रता वाढवली असं नाही, ते पाणी उष्णता बाहेर टाकून भोवतालची हवा आणखी थंड करतं, असं त्यातून दिसलं.

इथवरच्या गोष्टी काही तासांच्या, फार तर काही दिवसांच्या. १५ ते ५० किलोमीटरमधलं स्थितांबर मात्र विसरभोळं नाही. तिथं पाऊस पडत नाही. खालच्या हवेतली काजळी आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाबरोबर जमिनीवर येते. स्थितांबरात गेलेली वर्षानुवर्षं तिथंच फिरते. आणि ओझोन आहे तो तिथंच.

घन इंधनाच्या रॉकेटात अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखा बंधक असतो. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची पांढरी धूळ बाहेर पडते. उड्डाणाच्या चित्रांत दिसणारा तो दाट शुभ्र खांब म्हणजे हीच धूळ. शटलच्या दोन बूस्टरांत मिळून हजार टनांच्या आसपास असं इंधन असे. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात ते सुमारे १३८ टन असतं, एलव्हीएम-३ च्या दोन्ही बूस्टरांत प्रत्येकी दोनशे टनांवर. या बूस्टरांची पोलादी कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यातही बनतात.

क्लोरीनचा एक अणू ओझोनचा एक ऑक्सिजन हिसकावतो, तो दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि पुन्हा मोकळा होतो. असे हजारो ओझोन रेणू तो मोडू शकतो. हे चक्र आपण फ्रिजमधल्या वायूंशी जोडतो, कारण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बनवर बोट ठेवलं आणि १९९५ चं नोबेल पारितोषिक क्रुट्झेन यांच्यासह त्यांना मिळालं. पण त्याआधी मिशिगन विद्यापीठातले रिचर्ड स्टोलार्स्की आणि राल्फ सिसरोन याच क्लोरीनपाशी पोचले होते, आणि तेही शटलच्या धुराचा परिणाम तपासण्याच्या नासाच्याच कामातून. १९७३ मध्ये क्योटोच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा क्लोरीनचा उगम म्हणून ज्वालामुखी पुढं केले. शटल मागंच राहिलं. पुढं १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, जगानं फ्रिज आणि फवाऱ्यांचे वायू बदलले. ज्या रॉकेटामुळं क्लोरीनची चौकशी सुरू झाली ते मात्र कराराबाहेर राहिलं. रॉकेटांचा धूर आजही कराराबाहेरच आहे.

त्याचं समर्थन आकड्यांनी होत असे, आणि तेव्हा ते खोटंही नव्हतं. सगळ्या रॉकेटांनी मिळून केलेली जगभरची ओझोनहानी एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी धरली जाते. स्थानिक चित्र निराळं. १९९० च्या दशकात मार्टिन रॉस आणि सहकाऱ्यांनी डब्ल्यूबी-५७ या उंच उडणाऱ्या विमानातून टायटन-४ रॉकेटाच्या धुरात शिरून मापं घेतली. उन्हात अर्धा तास राहिलेल्या धुरातला ओझोन जवळजवळ शून्यावर आलेला होता. काही किलोमीटर रुंदीचा हा पट्टा काही तासांनी विरून जातो, खालच्या कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण शून्य ते शून्यच.

केरोसिनवरच्या रॉकेटांत क्लोरीन नसतं, तिथं काजळी असते. जगातल्या रॉकेटांची वर्षाची काजळी हजार टनांच्या आसपास धरतात. खालच्या चुली, ट्रक आणि विमानांच्या मानानं ही चिमूटभरच. तरी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एलुईज मारे आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की टनाला टन तुलना केली तर रॉकेटाची काजळी हवा तापवण्यात बाकी स्रोतांच्या काजळीपेक्षा सुमारे पाचशेपट प्रभावी आहे. काळे कण ऊन शोषतात, स्थितांबर तापतं, तिथल्या अभिक्रिया आणि वारे बदलतात, आणि त्यातून ओझोन घटतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं काजळी दहापट, म्हणजे वर्षाला दहा हजार टन झाली तर काय होईल, याचं गणित केलं : स्थितांबराचं तापमान अर्ध्या ते दोन अंशांनी वाढेल. दहापट ही कल्पना फार लांबची वाटू नये. २००५ मध्ये वर्षभरात कक्षेकडे निघालेली रॉकेटं साठच्या आत होती, २०२५ मध्ये तीनशेच्या वर गेली. आपली इस्रोही केरोसिनवरचं सेमीक्रायोजेनिक इंजिन घडवते आहे, आणि ते अकारण नाही. हायड्रॅझीनसारख्या जहाल इंधनापेक्षा जमिनीवरच्या माणसांना ते कितीतरी सुरक्षित आहे. खालच्या माणसाला सोयीचं ते वरच्या हवेला सोयीचं असतंच असं नाही, एवढाच पेच.

वर गेलेलं खालीही येतं. उपग्रह आणि रॉकेटांचे टप्पे परतताना जळतात, म्हणजे त्यांच्या धातूची वाफ होऊन कण बनतात, आणि ते हळूहळू स्थितांबरात झिरपतात. शिवाय तापलेल्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रिक ऑक्साइड बनतो, तोही ओझोनला मारक. २०२३ च्या सुरुवातीला अलास्काहून डब्ल्यूबी-५७ विमान पुन्हा स्थितांबरात गेलं. या खेपेस धुराच्या मागं कुणी नव्हतं, साधी नेहमीची हवा तपासायची होती. डॅनियल मर्फी आणि सहकाऱ्यांना गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांत ॲल्युमिनियम आणि इतर धातू सापडले. त्यांत नायोबियम आणि हाफ्नियमही होते. उल्कांच्या धुळीत हे असे मिळत नाहीत; रॉकेटांच्या नळकांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत मिळतात. ज्या थरात कुणी राहत नाही, तिथल्या दहांतल्या एका कणावर कारखान्याचा शिक्का होता.

ॲल्युमिनियम टाळता येईल का, हे बघायला क्योटो विद्यापीठ आणि सुमितोमो फॉरेस्ट्री या कंपनीनं लिग्नोसॅट नावाचा लाकडी उपग्रह बनवला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, जपानी मॅग्नोलियाच्या फळ्यांचा, खिळे किंवा गोंद न वापरता पारंपरिक सुतारकामानं जोडलेला. जळताना त्यातून धातूची धूळ कमी पडावी, हा हेतू. डिसेंबर २०२४ मध्ये तो आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून सोडण्यात आला. त्याचा संदेश जमिनीवर पोचलाच नाही; आता त्याच धर्तीच्या दुसऱ्या उपग्रहाची जुळवाजुळव चालू आहे.